जीआर असो नाहीतर बातमी, मथळ्यात विषय सांगायला काय हरकत आहे?

राज्य सरकारच्या शासन निर्णयांची, म्हणजे जीआरची, वेबसाईट आहे, तिथं कधी काही शोधून बघा. विभाग निवडायचा, तारीख टाकायची आणि मग एक तक्ता येतो, त्यात विभागाचं नाव, शीर्षक, सांकेतांक, जीआरची तारीख, फाईलची साईज सगळं व्यवस्थित दिलेलं असतं. सोय चांगलीच आहे, उगाच नावं ठेवायची नाहीत, पूर्वी मंत्रालयात ओळख असल्याशिवाय जीआरची प्रत हाताला लागणं कठीण होतं आणि आता तालुक्याच्या गावातला पोरगा मोबाईलवर काढतो. घोडं अडतं ते शीर्षकाच्या कॉलममध्ये. "दिनांक अमुक रोजीच्या शासन निर्णयात सुधारणा करण्याबाबत." बास, एवढंच. कुठला निर्णय, कशाबद्दलचा, सुधारणा अंगणवाडी सेविकेच्या मानधनात आहे की विहिरीच्या अनुदानात की कुठल्यातरी समितीच्या सदस्य संख्येत, काही म्हणजे काही पत्ता नाही. मग ती पीडीएफ उतरवायची, उघडायची, वर "वाचा" म्हणून चारपाच जुन्या निर्णयांचे नंबर असतात ते ओलांडायचे, खाली प्रस्तावना वाचायची, आणि तिसऱ्या परिच्छेदात कळतं की हे आपल्या कामाचं नव्हतंच. की पुन्हा मागे, पुढची पीडीएफ. आणि उतरलेल्या फाईलचं नाव काय, तर तोच सांकेतांक, तारखेपासून सुरू होणारी आकड्यांची लांबलचक माळ, म्हणजे चार दिवसांनी फोनच्या डाउनलोडमध्ये बघावं तर सगळ्या फाईली सारख्याच दिसतात.

सगळेच जीआर असे नसतात, हे आधीच सांगतो. काहींचं शीर्षक इतकं नीट असतं की आत न जाता कळतं. म्हणजे नीट लिहिता येतं, नियमाची आडकाठी नाही, लिहिणाऱ्यावर सोडलंय एवढंच. माझं म्हणणं असं की हे त्याच्यावर सोडू नये.

आता कुणी म्हणेल, शीर्षकाचं एवढं काय घेऊन बसलात, आतला मजकूर महत्त्वाचा. हे म्हणणारा माणूस सरकारी ऑफिसात कागद कसा फिरतो ते बघून आलेला नसतो. पत्र आलं की आधी बारनिशीत जातं. तिथला लिपिक आवक नोंदवहीत नंबर टाकतो, तारीख टाकतो, कुणाकडून आलं ते लिहितो आणि पत्रावरचा "विषय" जसाच्या तसा उतरवून काढतो, मग तो कागद कुठल्या टेबलाला द्यायचा ते ठरतं. त्या टेबलावरचा कर्मचारी आपल्या कार्यविवरण नोंदवहीत पुन्हा तीच ओळ उतरवतो, आणि साहेब जेव्हा बघतात की कुणाकडे काय पेंडिंग आहे तेव्हा त्यांच्या नजरेसमोर पत्र नसतं, ती एक ओळ असते. ई-ऑफिस आलं तरी हे बदललं नाही, फाईल सर्च होते ती बहुतेक वेळा विषयावरूनच. तुम्ही दोन पानं पोटतिडकीनं लिहिलेली असतात पण ती गठ्ठ्यात राहतात, पुढच्या टेबलावर पोचतो तो विषय. आणि तुमचा विषय असतो "तक्रार अर्ज". किंवा "सहकार्य मिळणेबाबत". किंवा, हा तर फारच पाहिलाय, "वरील विषयास अनुसरून", आणि वर विषयच नाही. गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलंय तर "अमुक चौकातील शाळेसमोरच्या चेंबरचं तुटलेलं झाकण बदलण्याबाबत" एवढं लिहिलं की बारनिशीतल्या माणसाला ते आरोग्य खात्याकडे द्यायचं की मलनिःसारणाकडे हा प्रश्नच पडत नाही. त्याला डोकं चालवायला लावलं तर तो चालवेलच असं नाही, त्याच्यासमोर ढीग असतो.

याच्यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काम संपलं की सरकारी कागदाचं वर्गीकरण होतं, अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचा ठेवायचा, ब म्हणजे तीस वर्षं, क दहा किंवा पाच, आणि ड म्हणजे वर्षभरानं नष्ट करायचा. हे ठरवायचं असतं कागदाच्या महत्त्वावरून, पण गठ्ठे बांधायला बसलेला माणूस प्रत्येक फाईल आत उघडून वाचत बसेल का हो? तो कव्हरवरचा विषय वाचणार. "किरकोळ पत्रव्यवहार" लिहिलेल्या फाईलच्या पोटात एखाद्या गायरान जमिनीचा नकाशा असेल तर त्या नकाशाचं आयुष्य त्या दोन शब्दांनी ठरतं. उद्या कुणीतरी कोर्टात ती कागदपत्रं मागितली की उत्तर येणार, अभिलेख उपलब्ध नाही. ते उत्तर खरंही असेल, हेतूही वाईट नसेल, तरी नुकसान व्हायचं ते झालेलंच असतं.

जुन्या काळच्या कारकुनांना यात माफी आहे. पुण्यात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेत, त्यातून निवड करून इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले, त्यासाठी किती रुमाल सोडून किती मोडी नजरेखालून घालावी लागली असेल याचा विचार केला तरी दमायला होतं. पण पेशव्यांच्या फडावरचा कारकून सरदेसायांसाठी लिहीत नव्हता. आजचा जीआर मात्र मुळात लोकांसाठीच वेबसाईटवर टाकलेला असतो, खाली तसं छापलेलंही असतं की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला आहे, त्याचा संकेतांक अमुक. उपलब्ध आहे खरं. सापडतो का, हे वेगळं.

आणि हे नुसतं माझं गाऱ्हाणं नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ काढून बघा, कलम ४, पोटकलम १, खंड क. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले सगळे अभिलेख सूचिबद्ध करून, त्यांची निर्देशसूची करून अशा रीतीनं ठेवायचे की लोकांना माहिती मिळवणं सोपं जाईल. म्हणजे नुसता कागद सांभाळून भागत नाही, तो शोधता आला पाहिजे हेही कायद्यातच आहे. आपण माहिती अधिकार म्हटलं की तीस दिवस आणि अपील एवढंच लक्षात ठेवतो. पण कलम ४ नीट पाळलं गेलं असतं तर निम्मे अर्ज करायची वेळच आली नसती असं मला वाटतं, आणि चांगलं शीर्षक ही त्या कलमाची सगळ्यात स्वस्त अंमलबजावणी आहे.

आता गंमत बघा. हाच कायदा वापरून महाराष्ट्रात तुम्ही माहिती मागायला गेलात तर जोडपत्र अ चा नमुना भरावा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्या नमुन्यात काय विचारलंय? माहितीचा विषय. माहिती कुठल्या कालावधीशी संबंधित आहे तो कालावधी. आणि हव्या असलेल्या माहितीचं वर्णन. २०१२ मध्ये राज्यानं नियमात बदल करून वर आणखी अट घातली, एका अर्जात एकच विषय, आणि शक्यतो दीडशे शब्दांच्या आत. या अटीवर बरेच लोक चिडले होते, कारण अर्ज नाकारायला ती एक पळवाट होते, आणि त्यांचं चिडणं मला पटतं. पण अटीमागचा विचार वाचा ना, तो म्हणतो की समोरच्याला काय पाहिजे, कधीचं पाहिजे, हे एका नजरेत कळलं पाहिजे नाहीतर काम करता येत नाही. शंभर टक्के बरोबर! मग हीच अपेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून करणारं सरकार स्वतःच्या कागदाला ती का लावत नाही? ज्याच्याकडे टायपिस्ट आहे, कक्ष अधिकारी आहे, मराठी शब्दकोशांचं कपाट आहे, त्याला "सुधारणा करण्याबाबत" चालतं, आणि ज्याला अर्ज लिहून घ्यायला झेरॉक्सवाल्याच्या पाया पडावं लागतं त्यानं विषय, कालावधी, वर्णन सगळं नेमकं लिहायचं. उलटा कारभार आहे हा.

बरं, याच सरकारला नाव देता येत नाही असंही नाही. कायदे बघा. प्रत्येक अधिनियमाच्या सुरुवातीलाच संक्षिप्त नाव सांगितलेलं असतं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५, वाचलं की कळलं, वर्षासकट. आतल्या प्रत्येक कलमाला छोटं मथळ्यासारखं नाव असतं, त्यामुळे वकील नसलेला माणूसही चाळून आपलं कलम शोधू शकतो. एखादं नाव लांबलचक होतंही, म्हणजे २०१३ च्या त्या कायद्याचं नावच "महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा" इथून सुरू होतं आणि प्रतिबंध, समूळ उच्चाटन करत कुठच्या कुठं जातं, एका दमात म्हणता यायचं नाही, पण नुसतं नाव वाचून कायदा कशाच्या विरोधात आहे याबद्दल कुणाला शंका राहते का? लोकांनी त्याचं जादूटोणाविरोधी कायदा करून टाकलं, ते लोकांचं काम, ते लोक बरोबर करतात. सरकारनं आधी पूर्ण सांगावं, लांब झालं तरी चालेल. लांबीनं कुणाचं अडत नाही, मोघमपणानं अडतं.

एसटीच्या पाटीसारखं असावं शीर्षक, कुठून, कुठं, आणि मार्गे. त्यातलं "मार्गे" तर फार महत्त्वाचं, कारण गाडी कोल्हापूरला जाते हे सगळ्यांनाच माहीत असतं, ती आपल्या फाट्यावरून जाते का एवढंच आपल्याला बघायचं असतं. जीआरच्या बाबतीत ते "मार्गे" म्हणजे हा कुणाला लागू आहे, कधीपासून, आणि आधीच्यात नेमकं काय बदललं.

आता पेपरवाल्यांकडे आणि पोर्टलवाल्यांकडे येऊ, कारण सरकार निदान आळसानं लपवतं, हे तर ठरवून लपवतात.

मुंबईत राहणाऱ्याला रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग काही तास बंद ठेवणं, नवा नाही. मध्य रेल्वे स्वतः जी माहिती देते ती रुक्ष असते पण परिपूर्ण असते, माटुंगा ते मुलुंड अप आणि डाउन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, वगैरे. एवढ्या एका ओळीत डोंबिवलीच्या माणसाला कळतं की आपली फास्ट स्लो मार्गावर वळवणार, अकराच्या आत निघावं, आणि ट्रान्स हार्बरच्या माणसाला कळतं की हे आपलं नाही. हीच माहिती पोर्टलवर जाते आणि तिचं होतं काय? "रविवारी घराबाहेर पडताय? आधी ही बातमी वाचाच!" आता हे वाचून मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळ्यांनी आत जायचं, वर एक व्हिडीओ आपोआप सुरू होतो, मध्ये दोन जाहिराती, मग मेगाब्लॉक म्हणजे काय आणि तो का घेतात यावर एक परिच्छेद, आणि मग कुठंतरी माटुंगा. ज्यांचा संबंध नाही त्या लाखो लोकांचा वेळ घालवला तेव्हा कुठं ज्यांचा संबंध होता त्यांना माहिती मिळाली. पुण्यात पाण्याचं तेच, गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय, प्रश्न फक्त एवढा असतो की कुठला भाग, आणि मथळा काय, तर "पुणेकरांनो, पाणी जपून वापरा!" अरे पण कुठल्या पुणेकरांनो?

पावसाळ्यात शाळांच्या सुट्टीचा घोळ तर दरवर्षीचा. "उद्या शाळांना सुट्टी जाहीर" एवढाच मथळा, जिल्हा नाही, तारीख नाही, त्याचा कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, तो पालकांच्या ग्रुपवर पडतो, आणि मग पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, पाऊस जरा जोरात लागला की तोच स्क्रीनशॉट पुन्हा उगवतो कारण "उद्या" हा शब्द कधी जुना होत नाही. कलेक्टरच्या मूळ आदेशात तारीख असते, तालुके असतात, कुठल्या इयत्तांना लागू तेही असतं. मथळा करताना ते सगळं झटकून टाकलं जातं. मग शिक्षक रात्री अकरा वाजता पालकांचे फोन घेत बसतात. यात अफवा पसरवणारा कुणी नसतो, बातमी खरीच होती, फक्त ती कुठली आणि कधीची हे तिच्या अंगावर लिहिलेलं नव्हतं.

यावर संपादक मंडळी सांगतात की सगळं मथळ्यातच सांगितलं तर आत कोण येणार, जाहिराती क्लिकवर चालतात, पगार जाहिरातींवर. हे मी हसण्यावारी नेणार नाही, मराठी पत्रकारांचे पगार काय असतात ते साधारण ठाऊक आहे. पण हा हिशोब वाटतो तितका पक्का नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये खुद्द फेसबुकनं जाहीर केलं की विषय लपवून क्लिक मागणाऱ्या लिंका फीडमध्ये कमी दाखवणार, आणि ओळखणार कसं, तर माणूस लिंकवर जाऊन किती वेळ थांबतो ते बघून. गेला आणि लगेच परत आला, म्हणजे फसला. फेसबुक काही धर्मादाय संस्था नव्हे, फसलेला माणूस पुढे क्लिक करणं सोडतो हे त्यांना आकड्यांत दिसलं असणार म्हणूनच केलं त्यांनी. आपल्याकडेही घरोघरी हेच झालंय, लोक आता मथळा वाचतात, आत न जाता खाली कमेंटमध्ये कुणी उत्तर लिहिलंय का बघतात, आणि कुणीतरी दयाळू माणसानं लिहिलेलं असतंच की "वेळ वाचवा, माटुंगा-मुलुंड आहे". त्या कमेंटला बातमीपेक्षा जास्त लाईक. पेपरनं करायचं काम एक वाचक फुकटात करतोय.

आणि कृपा करून कुणी असं म्हणू नका की नेमका मथळा म्हणजे मिळमिळीत मथळा. जुलै १८९७ मधला 'केसरी' आठवा. "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" आणि पुढच्याच आठवड्यात "राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे". पहिला प्रश्नार्थक आहे, आजच्या पोर्टलला आवडेल असा, पण प्रश्न विचारून लेखकानं स्वतःला लपवलेलं नाही, उत्तर त्याच्यातच आहे, टिळकांचं मत काय हे सरकारलाही मथळ्यातच कळलं असणार. दुसरा तर आख्खा युक्तिवादच आहे एका ओळीत. १९०८ मध्ये ज्या लेखांवरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्यातल्या एकाचं नाव "हे उपाय टिकाऊ नाहीत", म्हणजे पुन्हा तेच, भूमिका दारातच उभी. खरं सांगायचं तर दुसऱ्याचं नाव, "देशाचे दुर्दैव", माझ्या कसोटीला उतरत नाही, नुसत्या नावावरून तो लेख मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतरचा आहे हे कळायला मार्ग नाही. पण त्या आठवड्यात 'केसरी' हातात घेणाऱ्याला ते सांगावं लागत नव्हतं, घडामोड ताजी होती. आज शंभर वर्षांनंतर यादीत शोधणाऱ्याला मात्र ते अडतं. म्हणजे टिळक असले तरी अडतं, आपण कोण.

कथा, कविता, ललित लेख यांना हे काही लागू नाही, तिथं नाव काहीही ठेवा, गूढ ठेवा, वाचक तिथं शोधायला आलेला नसतो, रमायला आलेला असतो. व्यक्तिचित्राला कुणी "अमुक गावच्या शिक्षकांविषयी माहिती" असं नाव देऊ नये. पण ज्या मजकुरावर कुणाची गाडी, कुणाचं पाणी, कुणाचं अनुदान अवलंबून आहे त्याला ती सूट नाही. सरकारी योजनांची बातमी देतानाही "लाडक्या शेतकऱ्यांसाठी मोठी खुशखबर!" म्हणायचं आणि आत गेल्यावर कळायचं की फक्त अर्जाची मुदत वाढलीय, तीही एका पिकासाठी, हा सरळसरळ अन्याय आहे, कारण ती खुशखबर वाचून काही लोक खरंच एसटी पकडून तालुक्याला जातात.

जीआरच्या बाबतीत एक शंका सरकारी माणसं हमखास काढतात, शीर्षक सोपं केलं आणि त्याचा कुणी वेगळा अर्थ काढून कोर्टात गेलं तर? म्हणूनच म्हणे मोघम लिहिणं सुरक्षित. पण जीआरमधला आदेश असतो तो "शासन निर्णय" या मथळ्याखालच्या मजकुरात, शीर्षक त्याची फक्त ओळख करून देतं, आणि कायद्यांना सरळ नावं देऊन इतकी वर्षं झाली तरी काही आभाळ कोसळलेलं नाही. जुना नंबर, जुनी तारीख काढून टाका असंही कुणी म्हणत नाही, ती ठेवा, तिच्यापुढे विषय लिहा. "ठिबक सिंचन अनुदानाच्या अमुक तारखेच्या निर्णयात सुधारणा, अर्जाची मुदत वाढवली" एवढंच. शुद्धिपत्रक असेल तर कशाची शुद्धी ते लिहा, आधीचा निर्णय रद्द केला असेल तर "रद्द" शब्द शीर्षकात दिसू दे, तो आतल्या पानावर "अधिक्रमित" म्हणून लपवू नका. फाईल अपलोड करताना तिला सांकेतांकाबरोबर चार शब्दांचं नाव द्या. कक्ष अधिकाऱ्याला विषय तोंडपाठ असतो, टाईप करायला मिनिटभर लागेल. जुन्या जीआरचं काम मोठं आहे, ते सगळं एका वर्षात होणार नाही हे कबूल, पण सुरुवात करायची तर कृषी, शालेय शिक्षण, महिला व बालविकास आणि ग्रामविकास या विभागांपासून करावी, कारण तिथले जीआर शोधणारे बहुतेक लोक मंत्रालयापासून एक रात्रीच्या प्रवासावर राहतात आणि चुकीची पीडीएफ घेऊन पंचायत समितीत गेले की त्यांचा आख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते.